कुट्टीवरचा पदर

रतनबाईच्या डाव्या हाताची दोन बोटं तिच्या नवऱ्यानं, ज्ञानूनं, कोयत्यानं उडवली, अशी गावात कुजबुज होती. चहाबरोबर बिस्किट नसलं तरी ही बातमी असायचीच. बाईला विचारावं, तर "कामात लागलं" म्हणून ती पुढं चालू पडायची. ज्ञानू मुळातच मुखदुर्बळ, त्यामुळं संशय आणखी पक्का!

तिच्या सासऱ्यांनी मेंढरांमागची भटकंती सोडून घोड नदीच्या काठी शेती धरली. पुढं गाई आल्या, चारा बारीक करायची कडबाकुट्टी आली. यंदा नवी सून धनश्री त्या कुट्टीवर उभी राहू लागली आणि रतनबाई थेट ग्रामसभेत उठली. मागणी एकच. कुट्टी चालू असताना कुणीही वडीलधारं येवो, बाईनं डोईवर पदर घ्यायचा नाही, तो कमरेलाच खोचलेला राहील.

आधी तिनं अपघातांचे आकडे सांगितले. माणसं मोबाइल चाळू लागली. हौसराव आप्पा मोठे बागायतदार, गावात त्यांचा शब्द शेवटचा. ते हसले.

"रतन, आकडे ऱ्हाऊ दे. आपल्या गावात पदरानं कुणाचं काय वाकडं झालंय? एक तरी नाव सांग."

"माझंच सांगते की, आप्पा." तिनं डावा हात वर केला. "कुट्टी चालू व्हती. तुम्ही दारात येऊन खाकरला, 'ज्ञानू हाय का?' म्हणला. मी मानेनंच न्हाई म्हणलं आन् पदर घ्यायला गेले. तुम्ही माघारी वळला, तवर पदर मशीनच्या पट्ट्यात. सोडवायला गेला ह्यो हात. मशीनच्या आवाजात माझी आरोळी तुम्हाला कुठली ऐकू येती?"

सगळ्या माना आप्पांकडं वळल्या. असलं दृश्य बघायला मी तर पैसे मोजले असते.

"मग इतकी वर्षं गप का बसलीस?" मागून बबनरावांनी टोकलं.

"आप्पांस्नी बोल लागला असता, मामा. पर आता तिथं माझी सून उभी ऱ्हाती."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आलो व्हतो खरा," ते म्हणाले. "ग्रामसेवक, ल्ह्या ठराव. आन् आयाबायांनो, कुट्टीवर माझ्याम्होरं कुणी पदर घेतला, तर त्यो माझा अपमान समजंन!"

धनश्रीनं सगळ्यांदेखत डोईवरचा पदर उतरवून कमरेला खोचला. सासू तिच्याकडं बघून पहिल्यांदाच मोकळी हसली.

राहिली ती कुजबुज. बोटं गेली त्या दिवशी ज्ञानू यवतच्या बाजारात घरच्या उरल्यासुरल्या मेंढ्या विकत होता. त्यानं बायकोवर कधी हात उगारला नाही.