साहेबाच्या बापाचे कागद

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टोपलं लिंपणं. जुनं टोपलं विसविशीत झालं की कागद दोन दिवस भिजत घालायचे, मेथी टाकून उखळात कुटायचे आणि तो लगदा टोपल्याला आतून-बाहेरून थापायचा. वाळलं की त्यातून पीठ गळत नाही. मी कुटत होतो, ती थापत होती.

"ह्यातले काही कागद लई जुनाट हायेत," ती म्हणाली. "पार पिवळे. पण भिजलेत झ्याक."

"जुनं लवकर मऊ पडतं."

"तुमी कुठं पडलाय?"

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी तिला हिवताप भरला.

चौतीस सालचा उन्हाळा सरत आला होता. मी पिंपळीजवळ कालव्याच्या बंगल्यावर चौकीदार होतो. बंगल्यात कालव्याचे इंजिनेर साहेब राहायचे. विलायतेत त्यांच्या गावचा एक फुटबॉलचा क्लब होता. फुटबॉल म्हणजे काय, ते त्यांनी मला अंगणात मोसंबं लाथाडून दाखवलं होतं. क्लब काढला होता रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्या कामगारांनी, आणि साहेबांचा बाप त्याच कारखान्यातला. तेव्हा खेळाडूंचे सदरे हिरवे-पिवळे असायचे. पुढं क्लब बुडायला आला. एका जत्रेत कप्तानाचा कुत्रा हरवला, तो एका दारूच्या कारखानदाराला सापडला, त्यावरून ओळख झाली आणि त्या माणसानं क्लब उभा केला. सदरे लाल झाले. कुत्र्यामुळं क्लब वाचला, हे मला आधी खोटंच वाटलं. पण साहेबांच्या बापानं त्या वेळच्या पेपरातली कात्रणं कापून ठेवली होती. ती फितीनं बांधून साहेबांनी पेटीत जपली होती.

त्या वर्षी क्लब पार खालच्या वर्गात घसरायच्या बेतात होता. विलायतेची टपाल तीन आठवड्यांनी यायची. टपालीच्या दिवशी साहेब जेवायचे नाहीत.

पेटीत कसर झाली म्हणून ते कागद उन्हात घाल, असं सांगून साहेब इंदापूरच्या बाजूला फिरतीवर गेले. मी व्हरांड्यात घातले. शेजारीच रद्दीचा ढीग होता. रद्दी न्यायची मला परवानगी होती. मला दोन यत्ता मराठी येतं, इंग्रजी कागद सगळे सारखेच. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मीच सगळं एकत्र केलं होतं, आणि संध्याकाळी तसंच उचलून घरी नेलं.

ती तापानं पडली त्याच दिवशी साहेब परतले आणि टपालही आली. पेपर उघडून ते ओरडलेच, "चौकीदार, शेवटची म्याच जिंकली! आमचा क्लब वाचला!" त्यांनी ती बातमी कापली. "बापाच्या कागदात ठेवतो. आण."

तेव्हा मला टोपल्यातले ते पिवळे कागद आठवले.

"वाळवीनं खाल्लं साहेब."

"पेटीला नाही लागली?"

"कागद गोड लागतो तिला."

साहेब बातमीचा तुकडा हातात धरून रिकाम्या पेटीकडं बघत राहिले.

घरी येऊन तिला सांगितलं. ती गोधडीत कुडकुडत होती तरी उठून बसली.

"आवं, बापाचे कागद ते! तुमच्या बापाचा फेटा कुणी चुलीत घातला तर?"

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. खुरपं हाय की. खरं सांगून या."

"बरी हो, मग सांगतो."

तिसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःहून हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या पाठवल्या. तिनं तोंड मिटून घेतलं.

"आदी सांगा. त्याच माणसाची गोळी मी कोणत्या तोंडानं खाऊ?"

मी बंगल्यापर्यंत गेलो. साहेब हिशेबनिसाशी पाण्याच्या पाळीचं बोलत होते. मी फाटकाला हात लावला आणि माघारी आलो.

"सांगितलं," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. हसले."

तेव्हा तिनं गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. ऊन उतरल्यावर ओढ्याकाठी नेली. माणसं चांगली जमली होती. साहेबांनी जळणाची गाडी पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली आणि बंगल्यावर गेलो. सुतक होतं म्हणून पायरी चढलो नाही. साहेब व्हरांड्यात दाढी करत होते. मला बघून म्हणाले, "तू का आलास? दहा दिवस रजा आहे तुला."

"वाळवी न्हवती साहेब," मी म्हणालो. "कागद मी नेले. आमी दोघांनी कुटले. तिनं कवाच खरं सांगा म्हटलं व्हतं."

साहेबांनी वस्तरा खाली ठेवला. मी अंगातला बिल्ल्याचा पट्टा काढला, पायरीवर ठेवला आणि ते काय म्हणतात त्याची वाट बघत उभा राहिलो.