आधी मोजू, मंग लावू

माझ्या साडूंइतका हटवादी माणूस अकोल्यापासून अमरावतीपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि नेमका तोच माझा धंद्यातला भागीदार होता. अकोल्यात पत्र्याखालच्या एका खोलीत आम्ही दोघं सॉफ्टवेअर करायचो. दर्यापूरच्या एका तूर खरेदी केंद्राचं काम आमच्याकडे होतं. वजनाची पावती निघाली की संगणक तिच्यावर आकडेमोडीचा असा शिक्का मारायचा, की मागाहून कुणी किलोभराचा फेरफार केला तरी लगेच कळावं. हा शिक्का मारणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार प्रोग्राम, आम्ही वापरायचो. तिची नवी आवृत्ती आली, की सगळं जग मुकाट्यानं बसवून घेतं. साडू म्हणायचे, "आधी मोजू, मंग लावू."

मोजणी म्हणजे कडक व्रत. तोच शिक्का लाख वेळा मारायचा, लागलेला वेळ वहीत लिहायचा, आणि मशीनवर दुसरा भार नको म्हणून तोवर मी ईमेलसुद्धा उघडायचा नाही. एकदा मी चुकून गाणं लावलं, तर त्यांनी अख्खी मोजणी पहिल्यापासून घेतली आणि दिवसभर अबोला धरला.

त्या एप्रिलमध्ये जुन्या आवृत्तीत खोट निघाली, तिचा शिक्का बनावट करता येत होता. केंद्रानं कळवलं, शनिवारपर्यंत नवी बसवा, नाही तर काम दुसऱ्याला देऊ. जुनीचे आकडे वहीत होतेच. साडूंनी नवी मोजली, तर ती दीडपट संथ निघाली.

"नवी हाये म्हणून लावाची काय? मी नाई लावत."

"साडूभाऊ, पापणी लवाच्या आत दोन्ही शिक्के होतात. काहून अडून बसले?"

"केंद्रावर पावतीसाठी लोकं उन्हात उभे हायेत, भाऊ. त्यायचा वेळ तुमी काहून उधळून राहिले?"

शनिवार गेला. सोमवारी आमचं मोजणीचं मशीन आपोआप बंद पडलं, तेव्हा साडूंनी त्याच्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. जुनीची मोजणी जानेवारीतली, नवीची एप्रिलच्या भर दुपारची. तापलं की मशीन हळू चालतं, हे त्यांनी माझ्या घामावरून तरी ओळखायचं. कूलरपुढे ठेवून दोन्ही पुन्हा मोजल्या. नवीच वेगवान निघाली.

काम गेलंच होतं. तरी साडू एसटीनं दर्यापूरला गेले आणि केंद्राच्या साहेबांना म्हणाले, "चूक माही हाये. ज्याले काम देसान, त्याले हे आकडे द्या. नवीच लावाले सांगा."

मी दोन महिने त्यांच्याशी धड बोललो नाही. आता ते नागपूरला मुलाकडे असतात, मी नोकरी करतो. परवा बँकेच्या रांगेत तासभर उभा होतो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, सिस्टिम स्लो आहे. माझ्या वेळेची काळजी करणारं आत कुणीच नव्हतं. तिथंच उभ्या उभ्या मी साडूंना फोन लावला.