उष्टा पेढा

माझ्या लेकीला डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे ती तीन आठवड्यांची असतानाच कळलं. लागण पोटात असतानाच झाली होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आमच्या जयनगरच्या घरात गुन्हेगाराचा शोध सुरू झाला आणि तो माझ्यापाशी येऊन थांबला. सासूबाईंची यादी तयारच होती: मी ग्रहणात दुकान उघडं ठेवलं, मांजराला दूध घातलं, दहा बायकांनी हाताळलेल्या ब्लाउजपिसांच्या घड्या घातल्या. पदपथावर लेस विकत मी दुकानापर्यंत पोचले ती प्रत्येक गोष्टीत घासाघीस करून. हा दोष मात्र बोलणी न होताच माझ्या पदरात पडला.

मी डॉक्टरीणबाईंना पिळून काढलं. त्या पक्कं काही सांगेनात. ‘शक्यता आहे’ म्हणजे गिऱ्हाइकाचं ‘जरा फिरून येते’. शेवटी त्यांनीच विचारलं, “ही लागण बरेचदा लहान मुलांच्या लाळेतून होते. कुणा मुलाचं उष्टं खाल्लं होतंत?”

खाल्लं होतं. तिसऱ्या महिन्यात सासूबाईंनी मला पाटावर बसवून घरातल्या घरात माझी चोरओटी भरली. मुलगा व्हावा म्हणून नणंदेचं दीड वर्षाचं पोर माझ्या मांडीवर बसवलं आणि त्यानं चावलेला पेढा मला भरवला. नको म्हटलं, तर म्हणाल्या, स्वल्प, थोडासा तरी घे. पुढे महिन्याभरात मला ताप आला, त्याचं खापर दुकानातल्या धुळीवर फुटलं.

हे घरी सांगितलं, तर प्रसादानं कुणाला काही होत नाही, असा निकाल मिळाला. मांजराला मात्र पुराव्याशिवाय शिक्षा झालेली होती.

लेक तीन वर्षांची झाली आणि धाकट्या जावेची चोरओटी आली. तोच पाट, नणंदेचं दुसरं पोर, वाहतं नाक, हातात अर्धा पेढा. जाऊ माझ्याकडे बघत होती. मी पेढा पोराच्या हातातून काढून सासूबाईंच्या तोंडापुढे धरला.

“आधी तुम्ही घ्या. प्रसादच आहे.”

“मला गोड चालत नाही,” त्या म्हणाल्या. दोन पुरणपोळ्या खाऊन नुकत्याच उठल्या होत्या.

जाऊ हळूच मला म्हणाली, “अक्का, मग मलाही नको.”

तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. नातीशी बोलताना मात्र आता तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसतात. ही त्यांची माफी मागायची रीत असेल, तर मला ती कमी पडते.