आखूड साखळ्या
सुई टोचण्याआधी दंडावर स्पिरिट लागलं की मला कुरकुंभच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. उन्हापासून वीज करणाऱ्या पातळ फिल्मसाठी आम्ही तिथं पॉलिमर बनवायचो. त्याच्या रेणूंच्या साखळ्या लांब झाल्या तरच वीज नीट वाहते. पण अर्धवट बॅच पुढच्या पाळीच्या गळ्यात मारायची नाही, ही आमच्या ऑपरेटरांची रीत. ती पाळायला एकानं पाळी संपायच्या आत स्पिरिटसारख्या वासाचं मिथेनॉल ओतून रिअ‍ॅक्शन अर्ध्यातच थांबवली, साखळ्या आखूड राहिल्या. लॅबमध्ये मी त्या मालाची काचेवर फिल्म ओढली, तर ती तडकून निळ्या खपल्या सुटल्या आणि वीज जवळजवळ आलीच नाही. आमचा इनचार्ज खुटबावचा, मेंढरं राखलेल्या घरातला. त्यानं ती काच ऑपरेटरच्या पायाशी फोडली. "आखूड लोकरीचं घोंगडं हुतं का रं?" "सायेब, पुढच्याला तरास नको म्हनून..." एवढंच तो बोलला. इनचार्जनं त्याला रिअ‍ॅक्टरवर दाबून डाव्या कानावर मारलं, आणि रक्त आलं तरी तो मारतच राहिला. आम्ही इनचार्जला ओढून बाजूला काढलं तेव्हा थांबला. पुढची बॅच पूर्ण वेळ चालली, फिल्मनं झकास वीज दिली, इनचार्जनं पेढे वाटले. तो ऑपरेटर अजून दौंडच्या बाजारात भेटतो. मी आधी त्याच्या उजव्या बाजूला जातो, मग बोलतो.