सातव्या पाळीचा खेळाडू

गावातल्या टीम निवडणारे तरुण कोच अजूनही मला विचारतात, बुटका पण चपळ खेळाडू घ्यावा का? मी म्हणतो, घ्या. पण त्याला काय काम देणार आणि कोणतं काम अजिबात देणार नाही, हे घेण्याआधी कागदावर लिहा. हे शहाणपण मला एका माणसामुळे आलं. त्याला दोन वर्षं मैदानाबाहेर ठेवणारा कागदही माझ्याच हातचा होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा सातिवलीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. कोणता नट कोणत्या कप्प्यात, कोणता बेल्ट किती दिवस टिकला, हे सगळं मी लिहून ठेवत असे, आणि ती सवय रविवारीही सुटत नसे. ईस्टर झाला की आमच्याकडे फुटबॉलचे सामने सुरू व्हायचे. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतातले दोन बांध सपाट करायचे, बांबूचे गोलपोस्ट ठोकायचे, की मैदान तयार. टीम पाच, प्रत्येकीत कप्तान आणि सात खेळाडू मैदानात, शिवाय तीन राखीव.

टीम आळीप्रमाणे केल्या की भांडणं व्हायची, म्हणून आमची पद्धत वेगळी होती. आसपासच्या गावांतून ज्याला खेळायचंय त्याचं नाव एका मोठ्या तक्त्यावर लागायचं. रविवारच्या मिसाच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात पाचही टीमचे कप्तान आणि मॅनेजर बसायचे; एका टीमचा मॅनेजर मी. फादर चिठ्ठ्या काढून टीमचा क्रम ठरवायचे आणि मग दर पाळीत प्रत्येक टीम त्या क्रमाने एकेक नाव उचलायची. पहिल्या सात पाळ्यांत घेतलेले खेळाडू मैदानात उतरायचे, पुढच्या तीन पाळ्यांतले राखीव. जे उरतील त्यांनी रेषा आखायची आणि पाणी द्यायचं. तीन वर्षं ओळीने जो उरेल त्याचं नाव तक्त्यावरून काढायचं, म्हणजे नव्यांना जागा होते. हा शेवटचा नियम माझा.

तक्ताही माझाच. नाव, वय, उंची, वजन आणि शंभर मीटरची वेळ. पूर्वी कप्तान लोक मामा-भाच्यांना घ्यायचे, आता आकडे बघून घेऊ लागले. मला त्याचा फार अभिमान होता.

या तक्त्यात पाचूबंदरचा एक कोळी होता. वय बावीस, उंची पाच फूट एक इंच, शंभर मीटरला दहाजणांच्या शर्यतीत कधी आठवा तर कधी नववा. ओहोटीला होडी लांब थांबली की मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन गाळातून किनाऱ्यापर्यंत पळायचं, हे त्याचं रोजचं काम. दोन वर्षं तो उरला होता. तिसऱ्या वर्षी, चर्चसमोरच्या रस्त्यावर शंभर मीटरची चाचणी होती त्या सकाळी, तो माझ्याजवळ आला.

"दादा, यंदा पन कोनी नाय घेतला तं नाव काढनार ना माझा?"

"नियम आहे बाबा."

"कोनी केला?"

"मी."

"बरा केला," तो म्हणाला आणि बूट बांधायला खाली बसला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या वर्षी एक अडचण झाली. शर्यतीच्या सुरुवातीला रुमाल हलवणारा आमचा माणूस लग्नाला गेला होता. मी दरवर्षी घड्याळ घेऊन शेवटच्या रेषेवर उभा असायचो. या वेळी घड्याळ शाळेच्या मास्तरांना दिलं आणि रुमाल मी घेतला. त्यामुळे पहिल्यांदाच मला शर्यत सुरुवातीकडून दिसली.

रुमाल खाली आला आणि तो निघाला. इतर नऊजण अजून कमरेतून सरळ होत होते, तोवर हा चार पावलं पुढे. पंधरा-वीस मीटरपर्यंत त्याच्या आसपासही कोणी नव्हतं. मग लांब पायांचे एकेक करून त्याला मागे टाकू लागले आणि मास्तरांनी तिकडून ओरडून आकडा सांगितला, आठवा.

मी रुमाल हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आमच्या त्या शेतात शंभर मीटर सरळ पळायला जागा तरी कुठे होती? आठजणांच्या खेळात चेंडूवर पोचायला दहा-बारा पावलं लागतात, फार तर पंधरा. मी तीन वर्षं चुकीची गोष्ट मोजत होतो, आणि तीही अगदी काळजीपूर्वक.

मी लगेच पंधरा मीटरवर एक रस्सी ताणली. सगळ्यात वेगवान चारजणांना बोलावलं आणि प्रत्येकाला त्याच्याबरोबर पळवलं. चारही वेळा तो आधी पोचला. चौथा तर रस्सीत पाय अडकून पडला.

आमचा कप्तान हे बघत होता. सहा फुटांचा, बेकरीत काम करणारा, बचावात भिंतीसारखा. तो हसून म्हणाला, "मग काय, रस्सीपर्यंतच मॅच खेळायची का?"

"त्याला आपण घेऊया."

"घे ना. दहाव्या पाळीला घे. कोण पळवून नेतोय त्याला?"

हिशेबाने त्याचं बरोबर होतं. पण दहाव्या पाळीचा माणूस राखीव. नाव तक्त्यावर राहिलं असतं, पाय मैदानावर पडले नसते.

त्या रविवारी सहा पाळ्या झाल्या. सातव्या पाळीला आमच्यासमोर दोन नावं होती, एक उंच, डोक्याने चेंडू मारणारा खेळाडू आणि दुसरा हा. कप्तानाने उंचाच्या नावावर बोट ठेवलं. नाव पुकारायचं काम मॅनेजरचं, म्हणजे माझं. मी पाचूबंदरच्या त्या माणसाचं नाव घेतलं.

आवारात हशा पिकला. दुसऱ्या टीमचा मॅनेजर म्हणाला, "त्याला गोलात उभा करा, गोल तरी मोठा दिसेल!" फादरही हसले आणि मग खोकल्यासारखं केलं. आमचा कप्तान माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हरलो ना, तर तो तक्ता तुझ्या स्टोअरमध्ये नेऊन ठेव." पाचूबंदरचा तो कोळी मागे भिंतीला टेकून उभा होता. हसला नाही. पुढे येऊन तक्त्यावर आपल्या नावापुढे मी लिहिलेला सातचा आकडा नीट बघितला आणि निघून गेला.

पहिला सामना आम्ही हरलो, आणि माझ्यामुळे हरलो. कॉर्नरच्या वेळी प्रत्येकाने समोरचा एक माणूस धरायचा, अशी आमची जुनी रीत. त्याच्या वाट्याला पावणेसहा फुटांचा आला. चेंडू वरून आला, तो उडाला, आणि समोरच्याने त्याच्या डोक्यावरून आरामात गोल केला. खांद्याने ढकलून त्याला तीन-चार वेळा मातीत पाडलं ते वेगळंच. सामना संपल्यावर कप्तान माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बुधवारी त्याला बसवतोय."

"चूक त्याची नाही, त्याला दिलेल्या कामाची आहे," मी म्हणालो. "मला एक सामना दे."

घरी बसून मी एक कागद केला. डावीकडे, त्याने कधीच करायचं नाही ते: कॉर्नरला माणूस धरणं, उंच चेंडूसाठी उडणं, अंगावर येणाऱ्याशी खांदा भिडवणं. उजवीकडे एकच ओळ: समोरच्यांना कॉर्नर मिळाला की मध्यरेषेवर जाऊन उभं राहायचं आणि चेंडूची वाट बघायची. कागद त्याला वाचून दाखवला.

"म्हनजे मी काय नाय करायचा?"

"उभं राहायचं आणि सुटायचं."

"ता मना जमतं," तो म्हणाला.

बुधवारी समोरच्यांना कॉर्नर मिळाला. आमच्या गोलकीपरने चेंडू पकडला आणि हाताने लांब फेकला. मध्यरेषेवरून तो सुटला. दहा पावलं, चेंडू पायात, पुढची आठ पावलं आणि गोल. मागे धावणारा कंबरेवर हात ठेवून थांबला. शेतात क्षणभर कोणाला कळलंच नाही, मग बांधावर बसलेल्या पाचूबंदरच्या बायकांनी जो आरडाओरडा केला! कप्तान माझ्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, "तो कागद कुठे आहे?"

अंतिम सामन्यापर्यंत सगळ्या टीमना त्याची ही चाल माहीत झाली होती. समोरच्यांनी कॉर्नरलासुद्धा तीनजण मागे ठेवले, फक्त त्याच्यासाठी. त्यामुळे आमच्या गोलपुढे त्यांचे जेमतेम तीनजण उरायचे आणि आमच्या कप्तानाला काही जडच गेलं नाही. शेवटी आम्हाला कॉर्नर मिळाला तेव्हाही त्यांच्या दोघांचं लक्ष त्याच्याकडेच होतं, आणि आमचा कप्तान मोकळा उडून डोक्याने गोल करून गेला. आम्ही जिंकलो.

तो मात्र तोंड पाडून आला. "दादा, मना तं बॉलच नाय मिलाला."

"अरे, पाच माणसं तू एकट्याने अडकवलीस," मी म्हणालो. त्याने बोटं मोजून बघितली, तीन आणि दोन. मग कप्तानाने त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि त्याचं डोकं गोलपोस्टच्या आडव्या बांबूला लागलं. सगळे हसले. या वेळी तोही हसला.

पुढच्या वर्षी तक्त्यावर मी पंधरा मीटरचा रकाना जोडला. चिठ्ठ्यांत आमचा क्रम चौथा आला. कप्तान कुजबुजला, "आपल्या आधीच्या तीन टीम त्याला नेणार नाहीत ना?" मी उत्तर द्यायच्या आत पहिला क्रम लागलेल्या टीमच्या मॅनेजरने, ज्याने गोलाचा विनोद केला होता त्यानेच, उभं राहून त्याचं नाव घेतलं. आवारात कोणी हसलं नाही. आमच्या कप्तानाने टोपी जमिनीवर आपटली.

त्या हंगामात तो आमच्याविरुद्ध खेळला. आमच्या पहिल्याच कॉर्नरला मध्यरेषेवर जाऊन उभा राहिला, माझ्याकडे बघून हात वर केला. कप्तान ओरडत होता, "दोघे मागे थांबा, दोघे!"

मी बांधावरून ओरडलो, "दोघं पुरणार नाहीत रे!" आणि खरंच पुरले नाहीत.