मामांचं चिमूटभर मीठ

माझे मामा विट्याचे, चांदी गाळणारे. हयात आम्लाच्या वाफेत गेली, त्यामुळे कुठलीही पदवी त्यांना आपल्यापेक्षा मोठी वाटत नाही. मी पीएच.डी.साठी चांदीच्याच नादी लागले तेव्हा म्हणाले, "आमी जन्मभर चांदी पाण्यातनं भाईर काढली, तू परत पाण्यात घाल."

माझं काम एवढंच, द्राक्षांवर उरलेलं फवारणीचं औषध ओळखायचं. चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात तयार करायचे, त्यात द्राक्षं धुतलेल्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि वरून लेझर मारायचा. प्रत्येक औषध प्रकाश आपापल्या धाटणीने विखुरतं. चांदीजवळ तो कैक पटींनी वाढतो आणि पडद्यावरच्या रेघेत टोकं उठतात. उठायला हवीत. माझी रेघ तीन महिने आडवीच पडून होती. सोमवारपर्यंत टोक दिसलं नाही तर विषय बदला, असं सरांनी सांगून टाकलं होतं.

रविवारी हातात मावणारं लेझरचं यंत्र आणि चांदीच्या पिवळ्या पाण्याची बाटली घेऊन मी मामांकडे गेले. त्यांच्या परसात द्राक्षाचा वेल आहे आणि मला बिनफवारणीची द्राक्षं हवी होती. त्यांवर मीच मोजून औषध टाकणार होते. "एक फवारा मारला न्हाई, तुज्या आज्जीची आण," म्हणत मामांनी घड दिला.

मी तो वाटीभर पाण्यात धुवून आणेपर्यंत त्यांनी बाटलीत चिमूटभर मीठ टाकलं होतं. आम्लात विरघळलेली चांदी मिठाने तळाशी बसते, भाचीची वाया जाऊ नये म्हणून ही कळकळ. चांदी बसली नाहीच, पिवळं पाणी करडं झालं. मी अशी चिडले की मामी स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत.

रागारागाने, माझं मोजलेलं औषध टाकण्याआधीच, मी त्याच करड्या पाण्यात द्राक्षांच्या धुवणाचा थेंब टाकला. रेघ ताडकन उठली. बुरशीच्या औषधाची टोकं, जिथल्या तिथे. मिठाने कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या फटींतच प्रकाश वाढतो, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र रडू आलं. बिनफवारणीच्या द्राक्षांवर औषध दाखवणारं यंत्र काय चाटायचंय? मी ती नोंद पुसायला निघाले.

मामांनी हात धरला. "नवा कारागीर आला की त्याला आमी भेसळीचाच तुकडा देतो, शुद्ध हाय म्हणून आण घिऊन. कसोटीचं ऐकतोय का मालकाचं, बघाय."

"म्हणजे फवारलंय?"

"परवाच," मामा म्हणाले. "चांदी पास झाली. पोरगी अजून कच्ची हाय."