कासविंद्याची माळ

बायनाबाई गुरवीण नाक वर करून चालते, असं गावातल्या बायका म्हणायच्या. चालायचीच. आमच्या गावात ज्याला नाक शाबूत होतं त्यानं ते वरच धरलेलं बरं.

बोरीच्या अलीकडे ओढ्याकाठी आमचं गाव. नवरात्रात देवीच्या घटावर रोज तरवडाच्या फुलांची माळ चढायची, आणि ती आणायचं काम गुरवाच्या घराचं. बायनाबाईचा नवरा ऐन उमेदीत गेला. माळ चढवायचा मान धाकट्या दिराकडे, सटवाजीकडे गेला; माळावर हिंडून फुलं खुडायचं आणि ओवायचं हिच्या वाट्याला आलं. विधवेचा हात ओवायला चालतो, चढवायला चालत नाही. ही अक्कल कुणाची ते मला विचारू नका. सटवाजीनं आंधळी आई, म्हाळसाबाई, तीही हिच्याच गळ्यात घातली होती. फुलांच्या कामापोटी खळ्यावरून बलुत्याची ज्वारी मिळायची, त्यावर दोघी जगायच्या.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा झाडं ओळखायला मला तिनंच शिकवलं. तरवड, तरोटा आणि कासविंदा ही चुलत भावंडं, तिघांची फुलं पिवळी. "फूल मागून बघ, आदी पान बघ," ती म्हणायची. तरोट्याच्या काडीला पानांच्या तीन जोड्या, टोकं गोल, फूल बारकं. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, आणि पान चुरगळलं की जेवलेलं वर यावं असा वास. तरवडाची पानं बारीक, दाट, फुलं मोठी, घोसानं येणारी, आणि पानाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखं हिरवं पातं. "ज्येला कान, त्ये तरवड." चुकून कासविंदा हाताला लागला तर ती थुंकायची आणि हात मातीनं घासायची.

मग दुसरं महायुद्ध आलं. गोऱ्या सोजिरांच्या बुटांना कातडं लागतं आणि कातडं कमवायला तरवडाची साल. आमचे माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारे, आबासाहेब यांनी सालीचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतला. देवीचा माळ म्हणून जिथं कुणी जळणाला काडी मोडत नव्हतं, तिथं त्यांचे गडी कोयते घेऊन शिरले. झुडपं तोडून, सोलून सालीच्या गाड्या जिंतूरच्या रस्त्याला लागल्या. देवळासमोर आलं की आबासाहेब गाडी थांबवून हात जोडायचे. झाडं तोडल्याचा राग आला होताच, पण त्या जोडलेल्या हातांची मला किळस यायची.

माळ बोडका झाला त्या वर्षी घटस्थापनेला बायनाबाई रिकाम्या पाटीनं परत आली. सटवाजीचं काही अडलं नाही. त्यानं ओढ्यावरून पाटीभर पिवळी फुलं पाल्यासकट ओरबाडली, स्वतःच ओवली आणि चढवली. गाभाऱ्यात घाण सुटली. बायका नाकाला पदर लावून ओवाळत होत्या आणि काय सुरेख माळ म्हणत होत्या. पाटलीणबाई मनकर्णाबाई मोठ्यानं म्हणाल्या, की रांडमुंड बाईची सावली पडली, म्हणून वास यायलाय.

बायनाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. "पाटील, ही तरवडाची माळ न्हाई. कासविंदा हाय."

"पिवळं हाय न्हवं?" आबासाहेब म्हणाले. "देवी काय पानं मोजायलीय?"

"देवी न्हाई मोजत. म्या मोजते."

लोक हसले. आबासाहेब हसले नाहीत. तरवड नाही असं एकदा ठरलं, तर तो कुठं गेला हेही कुणीतरी विचारलं असतं. "मग उद्या तू आन तरवड. न्हाईतर हेच तरवड हाय असं चार लोकांत म्हन. दोन्ही जमंना झालं, तर खळ्यावर पाय ठिवू नको."

घरी आल्यावर म्हाळसाबाईनं सुनेचा पदर हुंगला. "घान यायलीय," ती म्हणाली. "हेला तरवड म्हनू नको, बाय. म्या उपाशी ऱ्हाईन."

दुसऱ्या दिवशी आरतीला सगळं गाव जमलेलं असताना बायनाबाई आली आणि पाटी उंबऱ्यावर उपडी केली. तिच्यातून एकच गोष्ट पडली. मुळासकट उपटलेलं, सोलून पांढरं पडलेलं खोड, आणि त्याच्या बुडाशी बोटभर फुटवा. फुटव्याच्या पानांना कान होते.

"ह्ये तरवड," ती म्हणाली. "फुलं आबासाहेबाच्या गाडीत गेली."

सटवाजीनं खोड पायानं ओढ्याकडं लोटलं आणि आरती सुरू झाली. माझा नवराही त्यात टाळ्या वाजवत होता.

त्या सुगीला तिचा वाटा सटवाजीच्या घरी गेला. दोघी लोकांच्या रानात खुरपायला, कापूस वेचायला लागल्या. म्हाळसाबाई आंधळी असून बोंडं चाचपायची. ती मेली तेव्हा सटवाजीनं तेराव्याला बुंदीचं जेवण घातलं आणि गाव बोटं चाटत जेवलं.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या नवरात्रात मी बायनाबाईच्या ओट्यावर बसले होते. सटवाजीची नवी सून पाटी घेऊन आली, गरीब, चांगल्या वळणाची पोर. "आत्याबाई, तरवड आनलंय. मला ववायला शिकवता का?"

बायनाबाईनं पाटीतलं एक पान उचललं, चुरगळलं आणि तिच्या नाकाशी धरलं.

पोरीनं तोंड फिरवलं. "तरवडाचा वास असाच असतोय म्हनं," ती म्हणाली.

बायनाबाईनं पाटी तिच्याकडं सरकवली, बाजूला थुंकली आणि हात मातीनं घासत बसली.